हिंगण्याला परतलेल्या

महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्थेचा इतिहास सांगायला बसले, की पहिले नाव अण्णांचे येते. धोंडो केशव कर्वे, फर्ग्युसन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक, १४ जून १८९६ रोजी अनाथ बालिकाश्रम मंडळीची स्थापना, प्लेगच्या दिवसांत १९०० साली पुण्याबाहेर हिंगण्याला हललेला आश्रम, रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी दिलेली जागा, तिथे उभी राहिलेली झोपडी. दिवसभर कॉलेजात शिकवून अण्णा संध्याकाळी चिखल तुडवत चार मैल चालत हिंगण्याला यायचे, रात्री मुलींना शिकवायचे आणि सकाळी परत पुण्याची वाट धरायचे. हे सगळे खरे आहे, अनेकदा छापून आलेले आहे आणि पुन्हा छापायलाही हरकत नाही.

पण अण्णा सकाळी पुण्याला निघून गेल्यावर दिवसभर आश्रम कोण चालवत असे? चूल कोण पेटवत असे, आजारी मुलीच्या उशाशी कोण बसत असे, नव्याने आलेल्या आणि रात्रभर रडणाऱ्या बालविधवेची समजूत कोण काढत असे? या प्रश्नांना उत्तर एकच. कालपरवापर्यंत जी तिथेच विद्यार्थिनी होती, तीच. हा लेख तिच्याबद्दल आहे.

माजी विद्यार्थिनीने आपल्या शाळा-कॉलेजात परत यावे आणि मागून येणाऱ्यांना हात द्यावा, ही कल्पना आता जगभर रुळलेली आहे. अमेरिकेतल्या कॉलेजांत १८७० च्या सुमारास, आधी इंडियाना आणि इलिनॉय या राज्यांत, मुलींची भगिनीमंडळे निघाली. ग्रीक अक्षरांची नावे, गुप्त दीक्षा, एकत्र राहण्याची घरे असा त्यांचा थाट. मुली पदवी घेऊन बाहेर पडतात आणि पुढे त्यांतलीच एखादी सल्लागार म्हणून परत येते, धाकट्यांना वळण लावते. मुलांच्या मंडळांत प्रवेश नाही म्हणून मुलींनी आपली वेगळी चूल मांडली, ही त्यामागची गोष्ट. हिंगण्यात मंडळ नव्हते, दीक्षा नव्हती. परत येण्यामागचे कारणही वेगळे होते. पहिल्या पिढीतल्या बहुतेकींना हिंगण्याबाहेर ताठ मानेने जगता येईल असे घरच नव्हते.

सुरुवात मात्र हिंगण्याच्याही आधीची धरावी लागते. पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन काढले. त्यासाठी पैसा उभा राहिला तो अमेरिकेत, बॉस्टनला स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशनमार्फत. सदनात दाखल झालेली पहिली विधवा विद्यार्थिनी म्हणजे देवरुखच्या जोशांची गोदूबाई. आठव्या वर्षी लग्न, तीन महिन्यांत वैधव्य आणि पुढे कैक वर्षे सासरी राबणे. वयाच्या विशीनंतर ती पाटी घेऊन बसली. सदन १८९० मध्ये पुण्याला आले, त्याच्याबरोबर तीही आली. ११ मार्च १८९३ रोजी, सदनाच्या वाढदिवशीच, तिचा पुनर्विवाह अण्णा कर्व्यांशी झाला आणि ती आनंदीबाई झाली. घरात आणि पुढे संस्थेत सगळे तिला बाया म्हणत.

त्याच वर्षी पुण्यात शारदासदनावर गहजब झाला. मुलींना ख्रिस्ती करतात, असा बोभाटा होऊन पालकांनी मुली काढून नेल्या. हिंदू पालक मनात किंतु न आणता आपली विधवा मुलगी पाठवतील अशी जागा हवी, हा विचार बालिकाश्रमामागे होता आणि तो या धुरळ्यातूनच आला. रमाबाईंच्या पहिल्या विद्यार्थिनीचे घर हेच या नव्या आश्रमाचे उगमस्थान ठरले. रमाबाईंचे ऋण संस्थेच्या इतिहासात तोंडी लावण्यापुरते नोंदवले जाते. ते अधिक मोठ्या अक्षरात नोंदवायला हवे, असे माझे मत आहे.

आता पहिला पेच. अण्णांनी बालिकाश्रमाचे काम विधवाविवाहाच्या चळवळीपासून कटाक्षाने वेगळे ठेवले. इथे मुली शिकायला येतात, लग्न लावायला नव्हे, हे समाजाला पटल्याशिवाय ना मुली मिळणार होत्या, ना वर्गणी. धोरण म्हणून ते शहाणपणाचे होते. पण त्याचा भुर्दंड पडला तो बायांना, कारण त्या स्वतः पुनर्विवाहित. ज्या कामासाठी त्या सर्वांत लायक, त्याच कामात त्यांचा वावर अडचणीचा. त्यांनी नागपूरला जाऊन सुईणपणाचे शिक्षण घेतले, संसार ओढला, मुले वाढवली, मिळेल तिथून वर्गणी गोळा केली. हे सारे त्यांनी ‘माझे पुराण’मध्ये सांगितले आहे. पुस्तक १९४४ साली निघाले, सून कावेरीबाईंनी ते लिहून काढले. वाचणाऱ्याच्या लक्षात येते की बायांना नवऱ्याविषयी आदर होता, पण कौतुकाने त्यांची जीभ बांधलेली नव्हती. स्वतःची खाजगी शिल्लक संस्थेच्या पायी वाहणाऱ्या माणसाच्या घरात चूल कशी चालते, हे बायांइतके कुणाला ठाऊक असणार?

बायांची धाकटी बहीण पार्वतीबाई. यांच्यापाशी थोडे थांबायला हवे. जन्म १८७० चा. नवरा महादेव आठवले गोव्याकडे नोकरीला होता. विशीतच त्यांना वैधव्य आले, पदरी एक मुलगा. रीतीप्रमाणे केशवपन झाले, अंगावर आलवण आले. देवरुखला माहेरी दिवस काढताना पुण्याच्या बहिणीकडे जाण्याचे ठरले आणि वयाच्या पंचविशीनंतर त्यांनी मुळाक्षरे गिरवली. ज्या वयात इतर बायकांच्या मुली लग्नाला येत, त्या वयात ही बाई लहान मुलींच्या शेजारी बसून बाराखडी घोकत होती. शिकून झाल्यावर त्या आश्रमातच राहिल्या, पुढे तिथे देखरेख करणाऱ्या झाल्या आणि मग आश्रमासाठी वर्गणी मागत गावोगाव फिरू लागल्या.

फिरण्याचा हा भाग समजून घेण्यासारखा आहे. विधवेने घराबाहेर पडणे, परक्या गावी जाणे, सभेत उभे राहून बोलणे, यातले काहीही त्या काळी सोपे नव्हते. पार्वतीबाईंनी यात एक हिशेब पाहिला. डोक्यावरून आलवण घेतलेली, केस काढलेली बाई दारात उभी राहिली, तर कर्मठ घरातली सासूही तिला आत घेते, पाट देते, ऐकून घेते. केस राखलेली विधवा आली तर तिचे बोलणे ऐकण्याआधी तिच्या डोक्याकडे पाहिले जाते. म्हणून मनाला पटत नसतानाही त्यांनी कामासाठी तो वेश वर्षानुवर्षे सांभाळला. १९१२ साली मात्र त्यांनी केस राखायला सुरुवात केली. तोंडावर टीका झाली, पाठीमागे त्याहून अधिक. ‘माझी कहाणी’ या १९२८ च्या आत्मकथनात त्यांनी हा सारा प्रवास आडपडदा न ठेवता मांडला आहे. दोनच वर्षांनी जस्टिन अॅबट या मिशनऱ्याने त्याचे इंग्रजी भाषांतर केले.

पार्वतीबाई क्रांतिकारक होत्या, असे लिहिण्याचा मोह आवरायला हवा. स्वतः पुनर्विवाह करण्याचा विचार त्यांनी कधी केला नाही. स्त्रीचे खरे क्षेत्र घर आणि मुले, असेच त्या मानत. बहिणीने पुनर्विवाह केला, मेहुणे त्या चळवळीचे अध्वर्यू, आणि ही मात्र आपल्या मताला चिकटून. एकाच घरात हे सगळे नांदत होते. संस्थेचा पाया एकमताचा नव्हता, हे यातून दिसते. मतभेद असूनही एका पंगतीला बसण्याची सवय तिथे होती.

१९१८ साली वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी त्या अमेरिकेला गेल्या. इंग्रजी शिकावे, जग पाहावे आणि जमल्यास आश्रमासाठी मदत मिळवावी, हा बेत. जवळ पैसा बेताचा, भाषा तुटकी, जेवण शाकाहारी. पैसे संपल्यावर त्यांनी तिथल्या घरांत घरकाम केले. भांडी घासली, झाडलोट केली, आजारीही पडल्या. हिंगण्याच्या आश्रमाची प्रमुख कार्यकर्ती परदेशात मोलकरीण म्हणून राबत होती आणि याची तिला तिळमात्र लाज वाटत नव्हती. १९२० मध्ये त्या परत आल्या आणि पुन्हा आश्रमाच्या कामाला लागल्या. ज्या मुलाला घेऊन त्या पुण्याला आल्या होत्या, तो मुलगाही पुढे याच संस्थेचा कार्यकर्ता झाला.

पार्वतीबाई एकट्या नव्हत्या. वेणूबाई नामजोशी, काशीबाई देवधर, बनूबाई देशपांडे ही त्याच पहिल्या फळीतली नावे. १९०७ च्या मार्चमध्ये अण्णांनी अविवाहित मुलींसाठी पुण्यात महिला विद्यालय काढले. हातात अर्धा डझन मुली आणि पुढे मोठे स्वप्न. आता शिक्षिका हव्या होत्या, वसतिगृहाला गृहमाता हव्या होत्या, आणि त्याही अशा की पगाराच्या आकड्याकडे पाहणार नाहीत. त्यातून १९०८ मध्ये निष्काम कर्ममठाची कल्पना निघाली. जन्मभर संस्थेचे काम करीन, पोटापुरते घेईन, वैयक्तिक लाभ पाहणार नाही, अशा आशयाची प्रतिज्ञा. ती घेणाऱ्यांत आश्रमाच्या माजी विद्यार्थिनी पुढे होत्या. पुढे आश्रम, विद्यालय आणि मठ एकत्र आले आणि हिंगण्याच्या टेकडीच्या आसऱ्याने एकच मोठा प्रपंच उभा राहिला.

प्रतिज्ञेविषयी आज बोलताना आपला सूर गहिवरतो. मला त्यात थोडी दुसरी बाजूही दिसते. ज्या बाईला माहेर परत घेत नाही, सासर उभे करत नाही, तिने निष्काम होण्याची प्रतिज्ञा घ्यायची म्हणजे नेमके काय सोडायचे? सोडण्यासारखे तिच्याकडे होते तरी काय? तिला या प्रतिज्ञेतून उलट काही मिळत होते. काम मिळत होते, नावापुढे हुद्दा मिळत होता, म्हातारपणी हाकलून दिले जाणार नाही याची हमी मिळत होती. माहेरवाशीण चार दिवस येते, लाड करून घेते आणि ओटी भरून परत जाते. या बायका माहेरी आल्या त्या घर चालवायला. त्यागाइतकाच तो शहाण्या बाईचा व्यवहारही होता, आणि त्याने त्यांची किंमत कमी होत नाही.

१९१५ च्या अखेरीस मुंबईच्या सामाजिक परिषदेत अण्णांनी महिला विद्यापीठाची कल्पना मांडली. जपानच्या महिला विद्यापीठाची एक पुस्तिका त्यांच्या हाती पडली होती, तिने विचाराला चालना दिली. १९१६ च्या जूनमध्ये विद्यापीठ सुरू झाले, रामकृष्ण गोपाळ भांडारकर पहिले कुलपती. जुलैत महिला पाठशाळा उघडली तेव्हा विद्यार्थिनी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. शिक्षण मातृभाषेतून, इंग्रजी मात्र सक्तीची. पदव्यांची नावेही स्वतःची: गृहीतागमा म्हणजे जी. ए. आणि त्यावरची प्रदेयागमा म्हणजे पी. ए. पहिली पदवीधर ठरल्या वारूबाई शेवडे, १९१९ साली. पुढच्याच वर्षी सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १५ लाखांची देणगी जाहीर केली आणि विद्यापीठाला त्यांच्या आईचे, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे, नाव मिळाले.

इथे एक व्यावहारिक गोष्ट इतिहासकारांच्या नजरेतून निसटते. या पदव्यांना सरकारी मान्यता नव्हती. कायद्याने विद्यापीठाचा दर्जा मिळायला १९५१ साल उजाडावे लागले. म्हणजे तीन दशकांहून अधिक काळ जी. ए. झालेल्या मुलीला सरकारी शाळेत किंवा मुंबई विद्यापीठाच्या कॉलेजात ती पदवी घेऊन जायची सोय नव्हती. तिची पदवी खणखणीत वाजे ती कर्व्यांच्या आणि त्यांच्याशी जोडलेल्या शाळांत. बाहेर तिला बी. ए. वाल्यांच्या मागे उभे राहावे लागे. आश्रमाची पहिली पिढी घर नव्हते म्हणून परतली. विद्यापीठाच्या पदवीधर मुलींच्या परतण्यामागे संस्थेवरच्या प्रेमाइतकाच पदवीचा हा अडसरही होता. त्या परतल्या नसत्या तर शाळांना शिक्षिका मिळाल्या नसत्या. शाळा नसत्या तर त्यांना नोकऱ्या मिळाल्या नसत्या. मान्यता न देणाऱ्या सरकारने नकळत संस्थेला शिक्षिकांचा पुरवठा केला, असेही गमतीने म्हणता येईल.

कमलाबाई देशपांडे यांचे उदाहरण मात्र या चौकटीत मावत नाही. नरसिंह चिंतामण केळकरांची ही मुलगी, म्हणजे घर नामांकित, वडील केसरीचे संपादक. त्यांना आसरा शोधायची गरज नव्हती. तरुणपणी वैधव्य आले, त्यांनी महिला विद्यापीठाची पदवी घेतली, पुढे युरोपात जाऊन प्राग येथे डॉक्टरेट मिळवली आणि परत येऊन विद्यापीठाच्या पुण्यातल्या महाविद्यालयात शिकवले, प्राचार्यपद सांभाळले. प्राचीन भारतातील बालकाविषयीचा त्यांचा इंग्रजी प्रबंध ग्रंथरूपाने आला, मराठीत ‘स्मरणसाखळी’ हे आत्मकथन आले. ज्या पदवीला घरच्या सरकारने दारात उभे केले नाही, तिच्या बळावर त्या परदेशी विद्यापीठात पोहोचल्या. त्यानंतर त्यांनी निवड केली ती घरच्या कॉलेजची. वर्गात बसलेल्या मुलींना त्यांच्याकडे पाहून काय वाटले असेल, याची कल्पना करायला फार कष्ट पडू नयेत.

आता बाळूताई खरे. या स्मरणिकेत त्यांना मानाचे पान मिळावे, असे मला मनापासून वाटते. घोडनदीच्या खरेमास्तरांची ही मुलगी, जन्म १९०५. मास्तरांनी मुलींना शिकवायचे ठरवले आणि हिंगण्याला पाठवले. बाळूताई तिथे वाढल्या, महिला विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या आणि कर्व्यांच्याच शाळेत शिकवू लागल्या. आतापर्यंतच्या परंपरेला साजेसेच सगळे. पण बाळूताईंनी परत येऊन फक्त शिकवले नाही. त्यांनी आजूबाजूला पाहिले.

त्यांना काय दिसले? आपल्यासारख्याच शिकलेल्या, मिळवत्या, पंचविशी ओलांडलेल्या अविवाहित मुली. त्यांच्या पगारावर धाकट्या भावंडांचे शिक्षण चालते, म्हणून घरी त्यांच्या लग्नाचा विषय कुणी काढत नाही. शिकलेली बायको हवी पण मिळवती नको, मिळवती हवी पण मत असलेली नको, असे वर. वसतिगृहातल्या रात्री, दाबून ठेवलेल्या इच्छा, बायकाबायकांतली असूया. १९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह निघाला, लेखिका विभावरी शिरूरकर. ह. वि. मोटे यांनी तो प्रकाशित केला. त्यातल्या एका कथेचे शीर्षकच ‘बाबांचा संसार माझा कसा होणार?’ असे आहे. पुढच्या वर्षी ‘हिंदोळ्यावर’ ही कादंबरी आली. महाराष्ट्रात वादळ उठले. ही बाई कोण, बाई तरी आहे का, का एखाद्या पुरुषाने टोपणनावाने हे लिहिले, अशी चर्चा वर्तमानपत्रांतून आणि चावडीवर रंगली. शिरूर म्हणजे घोडनदी, हा धागा डोळ्यांसमोर असूनही.

स्त्री शिक्षणाने बाईचे भले होते, हे सांगण्यात संस्थेची चार दशके गेली होती. शिकलेल्या बाईच्या वाट्याला येणारे नवे दुःख कोणते, हे सांगितले ते संस्थेच्याच विद्यार्थिनीने आणि संस्थेच्याच शिक्षिकेने. स्त्री शिक्षणाच्या विरोधकांना यात कोलीत मिळेल, ही भीती त्या काळच्या सुधारकांना वाटली असणार. पण ती भीती बाळगून बाळूताई गप्प बसल्या असत्या, तर वर्गातल्या मुलींना पुढे काय वाढून ठेवले आहे हे कुणी सांगितले असते? वडीलधाऱ्या भगिनीचे काम पाठ थोपटण्यापुरते नसते. पुढची वाट कुठे खचलेली आहे, हे तिला आधी दाखवावे लागते. बाळूताई पुढे शाळा सोडून सोलापूरला गुन्हेगार ठरवलेल्या जमातींच्या वसाहतीत काम करायला गेल्या. तिथल्या अनुभवातून ‘बळी’ ही कादंबरी आली. विश्राम बेडेकरांशी विवाह करून त्या मालतीबाई बेडेकर झाल्या आणि वडिलांवर त्यांनी ‘खरेमास्तर’ लिहिली. परतून आलेल्या कन्येने पुन्हा बाहेर पडायलाही हरकत नसते, हा पायंडाही त्यांनीच घातला.

पुढचा इतिहास वेगाने सांगता येईल. १९३६ मध्ये विद्यापीठाचे मुख्य कार्यालय मुंबईला गेले, हिंगण्याची संस्था आपल्या मार्गाने वाढत राहिली. दर दिवाळीला घरोघर जाऊन भाऊबीज मागणारे कार्यकर्ते आणि कार्यकर्त्या हा संस्थेचा कणा. भावाने बहिणीच्या ताटात ओवाळणी घालावी तशी समाजाने संस्थेच्या ताटात घालावी, ही त्यामागची योजना, आणि ती फेरी पार्वतीबाईंच्या दारोदार फिरण्याशी थेट नाते सांगते. १९५० मध्ये बाया गेल्या, १९५५ मध्ये पार्वतीबाई, १९६२ मध्ये वयाच्या एकशे पाचव्या वर्षी अण्णा. हिंगण्याचे कर्वेनगर झाले, शेताडीतून जाणाऱ्या वाटेवर सिग्नल आले. झोपडी जपून ठेवलेली आहे. बायांच्या नावाने संस्था पुरस्कार देते, हे उशिरा सुचलेले पण योग्य आहे.

१९९१ मध्ये कमिन्स कंपनीच्या साहाय्याने मुलींसाठी अभियांत्रिकी महाविद्यालय उभे राहिले, मग वास्तुकलेचे, आणखी बरेच. परत येण्याचा अर्थ पुन्हा पालटला. आजच्या माजी विद्यार्थिनीला घर आहे, तिच्या पदवीला जगभर मान आहे, परतण्याची सक्ती कसलीच नाही. ती येते ती स्वतःच्या मर्जीने. शनिवारी दुपारी येऊन शेवटच्या वर्षाच्या मुलींना मुलाखतीत काय विचारतात ते सांगावे, प्रकल्पाकडे नजर टाकावी, आपल्या कंपनीत कुणाची वर्णी लागते का पाहावे, निघताना फोन नंबर द्यावा. चांगलेच आहे ते. मात्र बोलण्याचा रोख बहुधा पगाराच्या आकड्याभोवती आणि परदेशी जाण्याभोवती फिरतो. बाळंतपणानंतर कामावर रुजू होताना काय झाले, रात्रपाळीला सासरच्यांनी काय म्हटले, बढतीच्या वेळी कुणाचे नाव पुढे गेले, हे व्यासपीठावर येत नाही. ते येते कॅन्टीनमध्ये, चहाच्या वेळी, दोघी-तिघींतच.

तेव्हा पुढच्या मेळाव्याला मार्गदर्शन करायला येणाऱ्या भगिनींना संस्थेने निमंत्रणासोबत पुष्पगुच्छाऐवजी ‘कळ्यांचे निःश्वास’ची एक प्रत पाठवावी, आणि व्यासपीठावर येण्याआधी ती वाचून यावे असे स्वच्छ शब्दांत कळवावे, एवढी एक सूचना कार्यकारिणीपुढे ठेवतो.